नाव न घेता

खुर्ची रिकामी आहे हे मला आधी कळलंच नाही, कारण रिकामी खुर्ची तिथं नव्हतीच. या तासाला आम्ही बाकं भिंतीकडे सरकवतो आणि खुर्च्यांचं गोल कडं करतो. बावीस खुर्च्या मुलांच्या, तेविसावी माझी. कुणी आलं नाही की कड्यात पडलेल्या दातासारखी फट दिसते. त्या सोमवारी फट नव्हती. मुलांनी आपापल्या खुर्च्या जराजरा सरकवून ती मी यायच्या आतच बुजवून टाकली होती, आणि उरलेली खुर्ची कुणीतरी फळ्याखाली नेऊन तोंड भिंतीकडे करून ठेवली होती. हजेरी घेताना मी अठरा नंबरवर थांबले. "अठरा," मी पुन्हा म्हटलं. समोरचा उंच मुलगा म्हणाला, "नाही आली, मॅडम," आणि तेही इतक्या हळू, की आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि तरी सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटत होतं. मी एकोणीस म्हटलं, वीस म्हटलं, आवाज नेहमीचाच होता, पण अंगातलं दूध अवेळी दाटून आलं आणि ब्लाउज ओला होतोय की काय म्हणून मी हजेरीपट छातीशी धरून उभी राहिले. सात महिन्यांच्या लेकराला घरी ठेवून आलेल्या बाईचं शरीर फार चुगलखोर असतं. घाबरली की तेही तिला लपवू देत नाही.

विषयाचं नाव लांबलचक आहे, 'वंश, वर्ण आणि समाजातील विविधता'. सगळ्या शाखांना सक्तीचा, आठवड्याला दोन तास. माझ्याकडे तो आला तो दुसऱ्या कुणालाच नको होता म्हणून. मी बाळंतपणाच्या रजेवरून नुकती परतले होते आणि सहा महिन्यांच्या करारावरचं माणूस कशालाच नाही म्हणत नाही. विभागप्रमुख म्हणाले होते, "तुम्हीच घ्या, मॅडम. तुमचा रंग असा मधला आहे, दोन्हीकडची मुलं ऐकतील तुमचं." आणि हसले. मीही हसले. विनोद होता तो. घरी येऊन नवऱ्याला सांगितला, तोही हसला. मग बाळाला पाजायला बसले तेव्हा मी बराच वेळ माझ्या हाताकडे आणि त्याच्या गालाकडे आळीपाळीनं बघत होते.

अठरा नंबर म्हणजे वर्गातली तिच्या रंगाची एकटीच मुलगी. रंग म्हणजे नुसता रंग नाही, केस, ओठ, नाव उच्चारायची लकब, सगळंच. तिच्याबद्दल कुणी वाईट बोलत नसे. 'ती ना, त्यांच्यातली असून किती हुशार आहे,' असं कौतुकानं बोलत. माझी तिची ओळख झाली ती नकाशांच्या खोलीमुळे. दोन तासांच्या मधल्या वीस मिनिटांत दूध काढायला मला जागा नव्हती, तेव्हा शिपायानं तिसऱ्या मजल्यावरची, गुंडाळलेल्या नकाशांनी भरलेली एक खोली उघडून दिली. तिची कडी तुटलेली. पहिल्याच दिवशी दार ढकलून ती आत आली, कुठलासा नकाशा न्यायला, आणि मला तशी बसलेली बघून लाजायच्या ऐवजी म्हणाली, "बसा तुम्ही, मी बाहेर दाराला टेकून बसते. कुणी येणार नाही." तेव्हापासून रोज ती बाहेर जमिनीवर बसे, पाठ दाराला लावून, आणि मी आत, माझं ते घरघरणारं यंत्र घेऊन. मध्ये एक इंच लाकूड. तिची पाठ हलली की दार हलायचं. तिकडून ती बोले, इकडून मी हुंकार देई. तोंड दिसत नसलं की माणसं खरं बोलतात. तिची आई कुठल्याशा इस्पितळात कपडे धुते, धाकटा भाऊ तोतरा आहे आणि म्हणून गाणी म्हणतो, कारण गाताना अडखळत नाही, हे सगळं मला त्या दारानं सांगितलं. आणि एक दिवस त्यानंच सांगितलं, "मॅडम, माझी खोलीतली मैत्रीण आहे ना, ती नळ पुसते."

"म्हणजे?"

"मी तोंड धुतलं की. मी नळाला हात लावला की ती नंतर येऊन रुमालानं पुसते आणि मग सोडते. दिवे लावायचं बटणही. वाईट नाही हो ती. आम्ही एकत्र सिनेमाला जातो, मला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसली होती. फक्त पुसते. तिला स्वतःला माहीत तरी आहे की नाही, कोण जाणे." मग ती हसली, आणि तिच्या हसण्यानं दार थरथरलं. "कुणाला सांगू नका हं."

मी सांगितलं नाही. म्हणजे, नाव घेऊन सांगितलं नाही. त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी वर्ग अगदी थंड पडला होता. या विषयाला मुलं गप्प बसत नाहीत, त्यापेक्षा वाईट करतात, बरोबर बोलतात. 'सगळी माणसं सारखीच, मॅडम.' 'रक्त सगळ्यांचं लालच.' 'आमच्या घरात असला भेदभाव कधी कुणी पाहिलाच नाही.' आणि प्रत्येक वाक्यानंतर डोळे हळूच तिच्याकडे, जणू तिनं मान हलवली म्हणजे उत्तर तपासून झालं. माझेही डोळे जात, उगाच कशाला खोटं बोलू. "तुझं काय मत?" असं मीच तिला आतापर्यंत किती वेळा विचारलं असेल. तर त्या दिवशी माझा धीर सुटला, आणि मी म्हटलं, एक प्रसंग सांगते, नाव घेत नाही. एक मुलगी होती, वसतिगृहात राहणारी. वीस माना तिच्याकडे वळल्या. तिच्या खोलीतली मैत्रीण होती. त्याच वीस माना, एखाद्या शेतावरून वारा जावा तशा, पलीकडे बसलेल्या चष्मेवालीकडे वळल्या. मी थांबायला हवं होतं. पण वर्ग पहिल्यांदाच जागा झाला होता, आणि जाग्या वर्गाची नशा ज्यानं शिकवलंय त्यालाच कळते. मी नळापर्यंत गेले, रुमालापर्यंत गेले.

चष्मेवाली रडू लागली. साधं नाही, हमसून. "मला आधीपासूनच सवय आहे... मी घरी पण पुसते... विचारा आईला..." कुणी पाण्याची बाटली पुढं केली, दोघीतिघी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, उंच मुलगा म्हणाला, "मॅडम, हे जरा जास्तच होतंय." आणि मग तीच उठली, अठरा नंबर. चष्मेवालीपुढं उकिडवी बसली आणि तिच्या गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाली, "अगं, तुझं नाही गं ते. दुसऱ्याच कुणाचं असेल. रडू नकोस ना." सगळा वर्ग त्या रडणाऱ्या मुलीभोवती गोळा झाला होता. तिनं एकदाच वर माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाचा धक्का लागला तर आपण बघतो तसं, एकदाच, आणि मग आकड्यांकडे. मी म्हणाले, "आज चांगली चर्चा झाली." हे मी खरंच म्हणाले. बसमध्ये बसेपर्यंत मला बरंही वाटत होतं.

सोमवारचा तास संपताच विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. चष्मेवालीच्या वडिलांचं पत्र आलं होतं, वकिलाच्या भाषेत. मुलीची बदनामी, मानसिक धक्का, वगैरे. सरांनी माझ्यासाठी चहा मागवला, बाळ कसं आहे विचारलं, दात आले का विचारलं, आणि टंकलेला एक कागद माझ्याकडे सरकवला. वर्गात सांगितलेला प्रसंग केवळ अध्यापनासाठी रचलेला होता. तो कोणत्याही विद्यार्थ्याने मला सांगितलेला नाही व तो कोणाहीबाबत घडलेला नाही. खाली माझ्या सहीसाठी रेघ.

"पण घडलाय तो, सर."

"तुम्ही पाहिलात?"

"मला सांगितलं तिनं."

"कुणी?" सरांनी दोन्ही भुवया वर केल्या. "मॅडम, तुम्ही नाव घेतलं नाहीत हेच तर आपलं नशीब. नाव नाही म्हणजे माणूस नाही, आणि माणूस नाही म्हणजे प्रसंग नाही. तुम्ही घ्याल नाव तर मग समिती बसेल. त्या पोरीला बोलावणार, समोरासमोर बसवणार, नळ कुठला, रुमाल कुठला, साक्षीदार कोण. हे तिच्या डोक्यावर ठेवायचंय का तुम्हाला?" चहाचा घोट घेऊन ते प्रेमानं म्हणाले, "आणि तुमचा करारही महिनाअखेर संपतोय. शुक्रवारपर्यंत द्या. घाई नाही."

कागद पिशवीत दुधाच्या बाटल्यांशेजारी घालून मी घरी आले. सासूबाई बाळाला आंघोळ घालून पुसत होत्या. त्यांचा जीव की प्राण आहे तो. माझ्यापेक्षा त्यांच्याच आवाजाला तो आधी मान वळवतो. टॉवेलाच्या टोकानं त्याचे कान पुसता पुसता त्या म्हणाल्या, "बघ गं, कानाची कड बघ. मी तुला सांगत होते ना? तान्ह्या पोराचा खरा रंग कानाच्या कडेला असतो. पुढं तोच सगळीकडे पसरतो." मी वाकून बघितलं. कडा त्याच्या गालांपेक्षा चांगल्याच गडद होत्या, कुणी बोट बुडवून ओढल्यासारख्या. "पसरला तर पसरला," त्या म्हणाल्या, "माझा काळा राजा तो. आम्हाला कुठं त्याला दुकानात मांडायचाय? काय रे ठोंब्या?" आणि त्यांनी त्याच्या पोटात तोंड खुपसून फुर्र केलं. तो खिदळला. मी हसले. पण 'पसरतो' हा शब्द त्या खोलीत राहिला. मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि तो शब्द माझ्याबरोबर घड्या घालत होता. नवरा आल्यावर मी त्याला कागद दाखवला. तो बूट काढता काढता वाचून म्हणाला, "कर की सही. तुझ्या सहीनं जग थोडंच बदलणार आहे?"

"मग नाही केली तरी बदलणार नाही."

"जग नाही बदलणार. नोकरी बदलेल," तो म्हणाला, आणि मोजे शोधायला वाकला. चांगला माणूस आहे तो. दोन्ही वाक्यं खरीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाला खांद्यावर थोपटताना मला ते आठवलं. म्हणजे आठवायला मी ते विसरलेच कुठं होते. शरीरात एखादी काच राहून जावी आणि वर कातडी यावी तसं ते होतं. दीड महिन्यापूर्वी सासूबाईंना डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून नवरा बाळाला घेऊन कॉलेजात आला होता. फाटकाशी ती भेटली. "अय्या, हाच का तो दूधवाला शेठ!" म्हणत तिनं त्याला घेतलं, गरकन फिरवलं, आणि त्याच्या गालाची मोठ्ठी पापी घेतली. मी त्याला परत घेतलं आणि लाळेरं उचलून त्याचा गाल पुसला. तो लाळ गाळतच होता. तेव्हा दात येत होते, मी दिवसाला पन्नास वेळा पुसत होते, सासूबाईंच्या पाप्यांनंतरही पुसत असणार. असणार. मी किती वेळा तो दिवस उलटासुलटा करून पाहिला, पण माझा हात लाळेसाठी उचलला गेला की पापीसाठी, हे त्या हातालाच माहीत, आणि तो सांगत नाही. तिनं पाहिलं का, तेही मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे, की नळाची गोष्ट तिनं मला त्यानंतरच्या आठवड्यात सांगितली. 'वाईट नाही हो ती. तिला स्वतःला माहीत तरी आहे की नाही, कोण जाणे.' दारापलीकडून. मी आत, माझ्या मुलाचं दूध काढत.

आठवडाभर ती वर्गात आली नाही. फोन उचलत नव्हती. गुरुवारी मी वसतिगृहावर गेले. बाळाला बरोबर नेलं. सासूबाई घरी होत्या, त्याला न्यायचं काहीएक कारण नव्हतं. मी त्याला पिवळं झबलं घातलं, केस विंचरले आणि कडेवर घेऊन निघाले. बस थांब्यावर आली तेव्हा मला कळलं, की मी त्याला ढाल म्हणून नेते आहे. लेकराच्या आईवर कोण ओरडेल? तरी मी घरी परतले नाही. वॉर्डनबाई म्हणाल्या, "ती का? तिनं खोली बदलून मागितली. खाली कपडे धुवायच्या यंत्रांच्या बाजूला एक लहानशी होती, एकटीला पुरेल अशी. आम्ही काही म्हटलं नाही हं, तिनंच मागितली." खालच्या बोळात यंत्रं धडधडत होती आणि भिंत हाताला कोमट लागत होती. दार उघडं होतं. ती पलंगावर पुस्तक घेऊन बसली होती. मला पाहून उठली, बाळाला पाहून हसली. खरंखुरं, डोळ्यांपर्यंत. त्यानं तिच्याकडे दोन्ही हात पसरले, अगदी झेपच घेतली त्यानं.

"थांब हं, शेठ," ती म्हणाली. "हात धुऊन येते."

"अगं, कशाला? राहू दे," मी म्हटलं. माझा आवाज मला फार मोठा वाटला. पण ती बोळाच्या टोकाला गेली होती. पाणी सुटल्याचा आवाज आला. यंत्रांच्या धडधडीतूनही तो मला स्वच्छ ऐकू येत होता. साबण, पाणी, पुन्हा साबण. बाळ रिकाम्या दाराकडे हात करून कुरकुरत होतं. दोन हात धुवायला किती वेळ लागतो? मी मनात अंक मोजू लागले आणि साठावर सोडून दिले. ती आली ती कोपरापर्यंत ओली होती, टॉवेलानं नीट कोरडी झाली, आणि मग तिनं त्याला घेतलं. पापी घेतली नाही. तोंड जरा दूर धरून त्याला मांडीवर नाचवलं. मी तेव्हा म्हणायला हवं होतं. दोनच शब्द होते. 'मी पुसलं' एवढे. ते माझ्या जिभेवर आले आणि मी त्यांच्या जागी म्हटलं, "त्यांनी मला एक कागद दिलाय."

"माहितीय. मलापण दिला."

"तुला?"

"मी मॅडमना असं काही सांगितलं नाही, असा. मी मंगळवारीच सही केली." ती बाळाच्या झबल्याचं बटण लावत होती, मला ते उघडं दिसलंच नव्हतं. "तुम्ही पण करा, मॅडम. तुम्ही नाही केली तर माझी खोटी ठरेल."

"पण मग तू... ते खरं होतं ना?"

तिनं मान वर केली. "तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणाली. टोमणा नव्हता. वर्गात मी तिला विचारते तसंच तिनं मला विचारलं होतं, सगळ्यांच्या वतीनं एकीला. मग बाळ रडू लागलं, भूक लागली असावी, आणि मी त्याला घेतलं. इतक्या घाईनं घेतलं, जणू रडण्याबद्दल त्याचे आभारच मानायचे होते. परतताना बसमध्ये तो झोपला. मला हलकं वाटत होतं. तिनंच सांगितलं कर म्हणून. आता हे तिच्याचसाठी होतं. हलकेपण कसं असतं ते मी सांगते. गादी नसलेल्या पाळण्यासारखं असतं, सहज झुलतं. शुक्रवारी सकाळी मी सही केली. सर म्हणाले, "शाब्बास. आता हाच विषय जरा हलक्या हातानं घ्या. आणि त्या मुलीला बोलतं करा. ती छान बोलते."

आणि सोमवारी ती आली. कुणीतरी कड्यात तिच्यासाठी जागा केली होती, चष्मेवालीच्या शेजारीच. अठरा म्हटल्यावर "हजर" आलं, खणखणीत. वर्ग सैल पडला, मुलं एकमेकांना कोपरं मारू लागली. मी तिच्याकडे न बघता प्रश्न टाकला, आपल्या कॉलेजात विविधता कशी अनुभवायला येते? आणि तिनंच हात वर केला. उभी राहून बोलली. म्हणाली, मला इथं कधीच काही वेगळं जाणवलं नाही. म्हणाली, बाहेरून येताना भीती होती, पण इथं इतकी माया मिळाली. मी सवयीनं म्हणाले, "उदाहरण दे." तिनं तापाचं उदाहरण दिलं, रात्रभर उशाशी बसलेल्या मैत्रिणीचं. तेही खरंच होतं. चष्मेवालीनं तिचा हात हातात घेतला आणि चष्मा काढून डोळे टिपले. उंच मुलानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. एकवीस जणांच्या चेहऱ्यांवर एक गोड थकवा आला होता, देणं फिटलेल्या माणसांसारखा. मीही टाळ्या वाजवत होते. माझे दोन्ही हात मला दिसत होते.

घंटा झाली. मुलं बाकं ओढून जागेवर लावू लागली. ती माझ्या टेबलाशी आली, अगदी जवळ, आणि त्या खडखडाटात हळूच म्हणाली, "नीट बोलले ना, मॅडम?"

मी तिच्या चेहऱ्यात शोधलं. एखादी चीड, एखादं तिरकं हसू, काहीही. शिव्या दिल्या असत्या तरी मी तिचे पाय धरले असते. चेहऱ्यावर काही नव्हतं. तिथं एक चांगली विद्यार्थिनी उभी होती.

"छान बोललीस," मी म्हटलं.

ती थांबली. पिशवीतून पेन काढून तिनं टोपण उघडलं आणि वहीचं कोरं पान माझ्यापुढं, टेबलाच्या कडेला, सपाट केलं. "पुढच्या तासाला काय बोलायचं, ते आधी सांगून ठेवाल का? म्हणजे मी तयारी करून येईन."

मुलं बाहेर पडत होती. कुणीतरी जाता जाता दिवे मालवले. आणि मी खुर्ची पुढं ओढली, आणि तिला सांगू लागले.